सोवळ्यातला रोलर

शमिकाचा साखरपुडा झाला ते वर्ष दोन हजार तेवीस. मला साल सहसा लक्षात राहत नाही, पण हे राहिलं. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला होता आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. शमिकाचा बाप, म्हणजे माझा मुलगा मिलिंद, अर्ध्या जिन्यातच खाली बसला. वर सनईची टेप लागली होती, मुलाकडची माणसं पेढ्यांची ताटं घेऊन पुढे गेली, आणि हा कठड्याला डोकं टेकून बसलेला. पाहुण्यांना वाटलं, पोरीचा बाप आहे, भरून आलं असेल. त्याच्याकडे बघून एक-दोघींनी डोळेही पुसले. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्याच्या छातीतून कोरडं पीठ चाळल्यासारखा आवाज येत होता. मला म्हणाला, "आई, तू वर जा. मी आलोच." तो आला तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्याची बायको कांचन त्याला जवळजवळ ओढतच भोपाळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले. बाईंनी छातीचे फोटो उजेडासमोर धरले आणि आम्हाला दाखवले. फुप्फुसं खालून कडक होत चालली होती. बाई म्हणाल्या, स्पंजाचा हळूहळू काथ्या होतोय असं समजा. जे कडक झालं ते परत मऊ होणार नाही. औषध आहे, पण ते फक्त वेग कमी करतं. मुख्य औषध म्हणजे धुळीतून आणि धातूच्या धुरातून बाहेर पडणं, आणि तेही उद्यापासून. मिलिंदने मान हलवली. बाहेर आल्यावर कांचनने विचारलं, मान हलवलीत ती हो म्हणून की ऐकलं म्हणून? तो म्हणाला, ऐकलं म्हणून.

आमचा कारखाना भोपाळजवळ, मंडीदीपला. कारखाना म्हणायचं, पण आहे एक पत्र्याची शेड, पुढे फवारणीचा काचेचा बूथ आणि त्यात लेथ, मागे दोन खोल्या. काम कोटिंगचं. मोठ्या कंपन्यांचे शाफ्ट, पंपांचे भाग, भट्ट्यांचे तुकडे झिजले की ते टाकून न देता आमच्याकडे येतात. तुटलेलं असेल तर निकेलची पेस्ट लावून, तापवून जोडायचं. झिजलेलं असेल तर गनने धातू फवारून पुन्हा भरायचं. मिलिंद सतराव्या वर्षापासून गन धरत होता. मी टेप लावायचे. ज्या जागेवर धातू चढायला नको तिथे जाड टेप चिकटवायची, हे बायकांचं काम समजलं जातं, आणि खरंच त्याला बायकांची बोटं लागतात. मी अक्षरं शिकले ती पन्नाशी ओलांडल्यावर, कांचनकडून, तेही गनमध्ये घालायच्या धातूच्या पुडीच्या डब्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून.

त्यातल्या एका डब्याबद्दल सांगायला हवं. त्यात निकेल आणि अॅल्युमिनियमची पूड एकत्र असते. ती गनच्या ज्योतीतून गेली की दोन्ही धातू एकमेकांना धरून पेटतात आणि दोघांचा मिळून तिसराच धातू होतो. तो निकेलसारखा वागत नाही आणि अॅल्युमिनियमसारखाही नाही. भट्टीची आग सोसतो, लोखंडाला घट्ट धरतो, आणि त्याच्या खरबरीत पाठीवर मग वरचा थर बसतो. दत्तूकाका त्याला अस्तर म्हणत. अस्तर चांगलं तर कोट चांगला. पण खाली जरा जरी तेल, घाम, बोटाचा ठसा असेल तर हे अस्तर तिथे धरत नाही. त्या दिवशी दिसत नाही. पुढे कधीतरी, आगीत, तेवढीच जागा सुटते.

दत्तूकाका म्हणजे दत्तू बोरीकर. भोपाळलाच बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यात माझे यजमान शंकरराव खलाशी, म्हणजे जड यंत्रं उचलणारे-हलवणारे, होते आणि काका कोटिंगमध्ये. आम्ही क्वार्टरमध्ये समोरासमोर राहायचो. काकांनी निवृत्त झाल्यावर मंडीदीपची शेड घेतली आणि शंकरराव गेल्यावर मिलिंदला हाताशी घेतलं. काकांना मुलगा होता, पण त्याला बँक आवडायची. म्हणून शेड पुढे मिलिंदकडे आली.

जॉबवर, म्हणजे कामाला आलेल्या तुकड्यावर, कोटिंग करायच्या आधी त्याच्यावर दाबाने खडे मारून तो साफ आणि खरबरीत करतात. त्याला ब्लास्टिंग म्हणतात. ब्लास्ट झालेला जॉब पांढुरका, कोरडा, फार सुंदर दिसतो. काका म्हणायचे, हा आता सोवळ्यात आहे, याला शिवायचं नाही. त्यांच्या घरी सोवळं नव्हतं आणि आमच्याही नव्हतं. तरुणपणी कुणा साहेबाच्या आईने त्यांना लांबूनच पाणी वाढलं होतं, तिथून तो शब्द त्यांनी उचलला होता, आणि वापरताना नेहमी थोडे हसायचे. पण नियम कडक. मिलिंद नवा असताना एकदा त्याने ब्लास्ट झालेल्या शाफ्टला कौतुकाने अंगठा लावला. काकांनी त्याला माझ्यादेखत कानाखाली मारली आणि अख्खा शाफ्ट परत ब्लास्ट करायला लावला.

"तुझ्या अंगठ्याएवढीच जागा सुटेल," ते म्हणाले, "आणि गिऱ्हाईक नेमकी तेवढीच बघेल."

तर मिलिंदला उद्यापासून बाहेर पडता येत नव्हतं, कारण गन धरणारा दुसरा हात नव्हता. तयार केलेली दोन माणसं पिथमपूरला मोठ्या कंपनीत निघून गेली होती. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनाही घरं होती. राहिला हरिओम, तो ब्लास्टिंग करायचा, पण गन त्याच्या हातात थरथरायची.

पावसाळ्यात कौस्तुभ आला. जवळच्याच एका कंपनीत इंजिनियर, पुण्याहून बदली होऊन आलेला, मराठी बोलायला मिळतं म्हणून आमच्याकडे चहाला थांबायचा. त्यांच्या भट्टीत लोखंडी पत्रे रोलरवरून सरकत जातात, ते रोलर झिजायचे. त्याने सांगितलं, एक रोलर नमुन्याला करून द्या. भट्टीत टिकला तर सगळे रोलर तुमच्याकडे, दरवर्षी. आणि त्यांच्याकडे एक यांत्रिक हात पडून होता. तो गन धरतो, माणसाने नुसती बटणं दाबायची. काम मिळालं तर तो हात आमच्या शेडमध्ये बसवून देणार होते.

मिलिंदने चहा खाली ठेवला. "माणूस कुठे उभा राहतो?"

"बाहेर. काचेच्या बाहेर."

"धूर?"

"धूर आत, दादा. तुम्ही पंख्याखाली खुर्ची टाकून बसा."

कौस्तुभ गेल्यावर मिलिंद शेडमध्ये उगाच फिरला, त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, जिथे तो हात बसला असता. कांचन देवाला काही बोलली असेल, मला सांगितलं नाही. मीही बोलले, तेही सांगितलं नाही. एवढंच आम्हा तिघांना माहीत होतं की एक रोलर धरला की मिलिंद बूथमधून बाहेर येतो.

दसऱ्याला कंपनीची भट्टी बंद राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर न्यायचा, बसवायचा आणि भट्टी पेटवायची, असं ठरलं. त्यानंतर भट्टी थंड होणार ती थेट संक्रांतीच्या सुमाराला. आमच्याकडे नवमीला गन, लेथ, कंप्रेसर सगळं धुऊनपुसून विश्रांतीला ठेवतात आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा करून लगेच एक जॉब करतात, मुहूर्ताचा. त्या जॉबवर पहिला हात दत्तूकाकांचा. शेड त्यांची होती तेव्हापासूनची रीत. मिलिंद म्हणाला, यंदा मुहूर्ताचा जॉब हा रोलरच. याहून चांगला कोणता?

काका तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते आणि विसरायला लागले होते. रस्ते विसरत, जेवलो की नाही ते विसरत. पण गेल्या दसऱ्याला गन हातात दिली तर हात असा चालला की मिलिंद बघत राहिला. डोकं विसरलं तरी मनगट विसरलं नव्हतं.

दसऱ्याला हरिओम पहाटेच आला, रोलर ब्लास्ट करून दिला आणि मोटारसायकलवरून रायसेनकडे गावी गेला. मिलिंदने हातमोजे घालून रोलर लेथवर चढवला, स्वच्छ कागदात गुंडाळला. मी दोन्ही टोकांना टेप लावली. मग काका आले. सुनेने रिक्षातून आणून सोडलं. धुतलेलं धोतर, वर कारखान्याचा जुना खाकी कोट, कोटाच्या खिशाला आपट्याची पानं.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "वहिनी, शंकर नाही आला?"

मी काही बोलायच्या आत मिलिंद म्हणाला, "येतील मागून काका. तुम्ही बसा."

पूजा काकांनीच केली. निरांजनात तेल घातलं, वात पुढे सारली, गनला, लेथला, सिलिंडरांना बोटाने हळदकुंकू लावलं. प्रत्येक मशीनसमोर थांबून तिची चौकशी करावी तसे उभे राहायचे. कंप्रेसरला म्हणाले, याचा पट्टा बदलला वाटतं. खरंच बदलला होता. आम्ही सगळे हसलो. नारळ फुटला. कांचन आणि मी पोहे वाढायला वळलो, मिलिंद मागे सिलिंडरची हवा उघडायला गेला.

मी पोह्यांवर शेव घालत होते. कांचनचा हात थांबला म्हणून मी वर बघितलं.

काकांनी रोलरवरचा कागद काढला होता. टाकला नव्हता, घडी करून बाजूला ठेवला होता, ते फार टापटिपीचे. आणि उजवा पंजा तेलात आणि हळदकुंकवात बुडवून त्या पांढऱ्या रोलरवर पूर्ण दाबून धरला होता. नव्या सुनेचे हात दारावर उमटवतात तसा. हात काढला तेव्हा चार बोटं आणि अर्धी करंगळी उमटली. त्यांची करंगळी तरुणपणी पंख्याच्या पट्ट्यात गेली होती.

"हा एकटाच राहिला होता," ते म्हणाले, आणि हात कोटाला पुसला.

मिलिंद मागून आला आणि उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसाने अंगठ्यासाठी त्याला मारलं होतं तो माणूस त्याच्याकडे बघून हसत होता, काम नीट झालं की म्हातारी माणसं हसतात तसं. 

"छान झालं, काका," मिलिंद म्हणाला.

मला वाटलं, आता काकांना पोहे खायला बसवू, रिक्षा बोलावू, आणि ते गेले की बघू. मिलिंदनेही तोच विचार केला असणार. तो म्हणाला, काका, आज हवेचा दाब कमी आहे, पहिला हात उद्या घ्या. काकांनी भुवया चढवल्या.

"मिल्या, ब्लास्ट होऊन किती वेळ झाला?"

"झाला थोडा."

"मग उघडा कसला ठेवतोस? गंज धरेल. मला शिकवतोस काय? आण ती गन."

हा नियम त्यांना लखलखीत आठवत होता. एक आठवत होता आणि दुसरा गळून गेला होता, आणि दोन्ही त्यांनीच आम्हाला शिकवले होते. मिलिंदने एकदा फडकं हातात घेतलं, थिनरची बाटली उचलली. काका म्हणाले, मुहूर्ताचं कुंकू पुसतोस? ते रागावून म्हणाले नाहीत. नवल वाटून म्हणाले. मिलिंदने बाटली खाली ठेवली.

तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने काकांचा चेहरा बघितलेला नाही. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की आपण काय केलं, आणि थोड्या वेळाने ते विसरले असते, पण तो थोडा वेळ त्यांनी कसा काढला असता?

काकांना मुखवटा बांधला. मिलिंद त्यांच्या मागे उभा राहिला. मी काचेतून बघत होते. लेथ फिरायला लागला, तो पिवळा लाल पंजा वर यायचा, खाली जायचा, वर यायचा. मग गन पेटली आणि काकांचा हात एका चालीने सरकायला लागला. पंजा राखाडी झाला, मग फिक्कट, मग रोलर सगळा सारखा दिसायला लागला. अस्तर इतकं एकसारखं बसलं होतं की मला काही क्षण वाटलं, धरेलही.

काका पोहे खाऊन, जिलेबी कागदात बांधून घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, शंकरला सांगा वाट बघितली.

रिक्षा वळली तशी मिलिंदने हरिओमला फोन लावला. लागला नाही. मग कौस्तुभला लावला आणि रोलर दोन दिवस उशिरा दिला तर चालेल का विचारलं. कौस्तुभ म्हणाला, दादा, भट्टी माझ्या हातात नाही, सकाळी रोलर नसेल तर जुनाच बसवतील, मग संक्रांतीनंतर बघू, आणि तोवर साहेब दुसरीकडे बोलतील. तो खरं तेच सांगत होता.

एकच उपाय होता. ते अस्तर काढायचं, रोलर पुन्हा ब्लास्ट करायचा आणि नव्याने सगळं करायचं. ब्लास्टिंगच्या खोलीत धुळीने समोरचा हात दिसत नाही. मिलिंद टोपडं शोधायला लागला, ते डोक्यावरून घालायचं असतं, त्यात नळीने हवा येते. आमच्या टोपड्याची काच फुटली होती आणि हरिओम ती टेपने चिकटवून वापरायचा.

कांचनने त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली.

"दे इकडे."

"मी करते ब्लास्टिंग. मला सांगा कसं करायचं."

"भांडी घासण्याइतकं सोपं असतं तर तुला सांगितलं असतं."

"तुम्ही कधी घासलीत भांडी? तुम्हाला काय माहीत सोपी असतात ते."

तो हसला, आणि हसण्यातून खोकला आला, आणि खोकला थांबेना. तो लेथच्या पायापाशी बसला. मी पाणी आणलं. ते घोटभर गेलं आणि परत आलं. कांचन दाराला पाठ लावून उभी होती, किल्ली मुठीत.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "मान हलवली होतीत."

"हा एक रोलर झाला की बाहेरच पडायचंय ना? त्यासाठीच चाललंय हे."

"त्या खोलीतून बाहेर पडलात तर."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? आत जा म्हणायचं, की जाऊ नको म्हणायचं? दोन्हीकडे तोच होता.  शेवटी तो उठला, लहान हातोडी घेतली आणि रोलरवर ठिकठिकाणी टकटक करून ऐकलं. जिथे अस्तर सुटलेलं असतं तिथे आवाज बद्द येतो. त्याने पंजा होता त्या जागेवर पुन्हा पुन्हा वाजवलं, कान लावून. आवाज खणखणीत आला.

"धरलंय बहुतेक," तो म्हणाला. ते त्याने आम्हाला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मग त्याने बूथमध्ये जाऊन वरचा थर चढवला. दुपारभर चाललं. मध्ये मध्ये तो थांबायचा, भिंतीला टेकायचा, मी काचेवर बोटाने वाजवायचे, तो न वळता हात वर करायचा. कांचन बाहेर पायरीवर बसून होती. तिच्यापुढे पूजेचं ताट तसंच होतं. तिने ते घासलं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी कौस्तुभ गाडी घेऊन आला, मोजून बघितलं, वाजवून बघितलं, खूश झाला. आम्हाला सोनं दिलं, पाया पडला, रोलर घेऊन गेला. दिवाळीत त्याचा फोन आला, रोलर मस्त चाललाय. मग त्यांच्या कंपनीचे दोघेजण येऊन आमच्या शेडमध्ये जागा मोजून गेले आणि जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन काढून गेले. यांत्रिक हात तिथे बसणार होता. त्या चौकोनात कुणी काही ठेवलं तर मिलिंद ओरडायचा. बादलीसुद्धा ठेवू द्यायचा नाही. मशीन येईपर्यंत तेवढी हातावरची कामं संपवू म्हणून तो रोज बूथमध्ये जात राहिला. मशीन येईपर्यंत, हे त्याचं रोजचं झालं होतं. जेवताना तो घास आणि श्वास यांची पाळी लावायचा. आधी एक, मग दुसरा.

संक्रांत झाली आणि कौस्तुभ रोलर घेऊन आला. गोणपाटात गुंडाळलेला. चहा नको म्हणाला. गोणपाट सोडलं.

रोलर सगळीकडे जसाच्या तसा होता. आगीने निळसर झालेला, घट्ट, एक ओरखडा नाही. फक्त मधोमध एका जागी थर सुटून पडला होता आणि खालचं लोखंड जळून काळं झालं होतं. तो पंजा होता. तळवा, चार बोटं आणि अर्धी करंगळी.

कौस्तुभ हळू आवाजात म्हणाला की काम आता इंदूरकडच्या दुसऱ्या कुणाला दिलंय, त्याने फार सांगून बघितलं. मग त्या जागेकडे बघून म्हणाला, "दादा, इथे काय लागलं होतं?"

"हात लागला माझा," मिलिंद म्हणाला. "ब्लास्टिंगनंतर. चुकून."

कौस्तुभने मिलिंदच्या हाताकडे बघितलं. तो हात रोलरवरच टेकलेला होता, मोठा, पाची बोटं पुरी. मग त्याने नजर काढून घेतली. म्हणाला, होतं असं कधी कधी. गोणपाट तिथेच ठेवून तो गेला.

कांचन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मिलिंद तिला दोषाचा एक शब्द बोलला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. उलट संध्याकाळी तिला म्हणाला, आत गेलो असतो तर त्याच दिवशी पडलो असतो, तू बरोबर केलंस. ती म्हणाली, हो. त्यानंतर तिने त्या खोलीला कुलूप लावलं नाही. कुलूप किल्लीसकट खिळ्याला लटकवून ठेवलं, आणि मागून येणारा वारा त्या दाराशी खेळत राहायचा.

त्या दिवशी त्याने ब्लास्टिंग केलं असतं तर काय झालं असतं, हे मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. मी अडाणीपणाने विचारलं असं त्यांना वाटलं नसावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवून विचार केला. म्हणाल्या, आजी, सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित लवकर. तो रोलर धरला असता आणि संक्रांतीपासून ते धुराबाहेर असते, तर थोडा वेळ मिळाला असता. किती ते नाही सांगता येणार. मी उठताना त्या माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या.

फेब्रुवारीत घरी प्राणवायूचं यंत्र आणलं. ते रात्रंदिवस घरघर करायचं, त्याला नळी, नळी मिलिंदच्या नाकाला. तो म्हणायचा, बघ आई, कंप्रेसर घरी आला.

पाडव्याला काका भेटायला आले. सुनेने आणलं होतं. मिलिंदने आम्हाला नळी काढायला लावली आणि शर्ट घालून खुर्चीत बसला. काकांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, वाळलास रे. मग बराच वेळ श्रीखंड खात बसले. वाटी खाली ठेवताना एकदम त्यांना आठवलं.

"मिल्या, तो रोलर? दसऱ्याचा?"

"चाललाय, काका."

"मुहूर्ताचा होता. धरणारच. माझा हात लागलाय त्याला."

"तुमचाच हात आहे त्याला," मिलिंद म्हणाला.

कांचन स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले नाही.  काका गेल्यावर मिलिंदला नळी लावायला घेतली तर त्याची बोटं निळी पडली होती.

शमिकाचं लग्न एप्रिलातच उरकलं, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. मिलिंद खुर्चीत बसून होता, छोटा सिलिंडर खुर्चीमागे, त्यावर कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. कन्यादान त्यानेच केलं. मंत्र गुरुजींनी पुरे म्हटले, त्याचा आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते. पाणी सोडताना मात्र हात हलला नाही, गन धरायचा तसा स्थिर होता.

शेड आता दुसऱ्याने घेतली आहे. जमिनीवरचा पिवळा चौकोन अजून आहे, त्यात ते स्कूटर उभी करतात. तो रोलर आम्ही भंगारात दिला नाही. घरामागे, नळाजवळ, पालथा ठेवला आहे, पंजा जमिनीकडे करून.

दत्तूकाका अजून आहेत. मी महिन्यातून एकदा जाते. ते माझ्या यजमानांचं विचारत नाहीत आताशा, मिलिंदचं विचारतात. मिल्या नाही आला? मी सांगते, बूथमध्ये आहे, काम चालू आहे, येईल मागून. ते मान हलवतात आणि म्हणतात, गन चालू असताना हाक मारू नका त्याला.

माझा मुलगा मिलिंद सतरा ऑगस्ट दोन हजार चोवीसला, शनिवारी, सकाळच्या चहाच्या वेळी गेला.